वर्गातला हॅमस्टर आणि भेटीला येणारा कुत्रा

प्राणी जवळ असला की मुलं खुलतात, हे बऱ्याच शिक्षकांनी पाहिलेलं असतं. पण ‘आमच्या शाळेत प्राणी आहे’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि घोळ तिथून सुरू होतो. एक, वर्गात पाळलेला प्राणी. दुसरी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठी येणारा प्राणी.

हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी), ससा, मासे वर्गातच राहतात. पाणी बदलायची पाळी कुणाची यावरून भांडता भांडता मुलं जबाबदारीही शिकतात, हे खरंच. पण सुट्टी आली, प्राणी आजारी पडला, की सगळं बाईंच्या नाहीतर सरांच्या गळ्यात. त्यात हॅमस्टर निशाचर. मुलं हौसेनं पिंजऱ्यात हात घालतात तेव्हा त्याची झोपेची वेळ असते. चावला तर त्याला काय बोलणार? कासवांचा प्रश्न निराळा. त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेनं तर १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली.

भेटीला येणाऱ्या कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारा प्रशिक्षित माणूस येतो. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा फरक. या पद्धतीचा धागा बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यापर्यंत जातो. अबोल मुलांशी बोलणं सुरू करायला आपला जिंगल्स हा कुत्रा कसा उपयोगी पडला, हे त्यांनी १९६० च्या दशकात मांडलं. पुढे १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत एक वाचन-उपक्रम सुरू झाला. त्यात मूल कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतं. अडखळलं तरी समोरचा श्रोता चूक काढत नाही की हसत नाही.

मात्र असा कुत्रा आला म्हणजे थेरपी झाली, असं नाही. नुसती भेट असेल तर तो उपक्रम. शिक्षकानं उद्दिष्ट ठरवून, प्रगतीची नोंद ठेवून घेतलं तर ते प्राणी-सहाय्यित शिक्षण. थेरपी म्हणायची तर उपचार करणारा पात्र तज्ज्ञच हवा. ‘कुत्रा येतो ना, मग समुपदेशक कशाला?’ असं कुणी म्हटलं, तर शिक्षकांनी तिथेच हरकत घ्यावी. (दिव्यांग मुलासोबत असणारा सहाय्यक कुत्रा हा आणखी तिसराच प्रकार, तो त्या एका मुलासाठी काम करतो, वर्गासाठी नाही.)

अ‍ॅलर्जी, भीती, स्वच्छता, पालकांची संमती या शिक्षकांच्या शंका दोन्हीकडे रास्तच आहेत. पण भेट तासाभरात संपते आणि कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवता येतं. पिंजरा दिवसभर तिथेच असतो.

प्राण्याच्या बाजूनंही तसंच. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर तो ताणात असू शकतो. सांभाळणारा ते ओळखून त्याला बाहेर नेतो. हॅमस्टरकडे तसं बघायला तीस मुलांना शिकवणाऱ्या बाईंना सवड कुठली?