थीम की स्किन? पीएचपी अ‍ॅपमध्ये चार लूक द्यायच्या आधी हे बघा

क्लायंट म्हणतो "आम्हाला चार थीम पाहिजेत" आणि टीममधलं कोणीतरी लगेच व्ह्यूजचा, म्हणजे पानांच्या एचटीएमएल टेम्प्लेट फाइलींचा, अख्खा फोल्डर चार वेळा कॉपी करून मोकळं होतं. खरं तर बऱ्याचदा क्लायंटला फक्त आपला लोगो, आपले रंग आणि फार तर वेगळा फॉन्ट हवा असतो, म्हणजे त्याला स्किन हवी असते.

फरक ओळखायला सोपाय. ब्राउझरमध्ये पेज सोर्स उघडा. लूक बदलल्यावर एचटीएमएलच बदललं असेल, मेनू साइडबारमधून हेडरमध्ये गेला, टेबलच्या जागी कार्ड आली, तर ती थीम, आणि ते काम सर्व्हरवर पीएचपीनं वेगळी टेम्प्लेट फाइल उचलून केलेलं असतं. एचटीएमएल तेच आहे आणि फक्त रंग, फॉन्ट, मधली मोकळी जागा बदलली तर ती स्किन, ते सगळं सीएसएस बघतं.

स्किनचं फार सांगण्यासारखं नाही. रंग-फॉन्ट सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवायचे, एचटीएमएल टॅगवर एक डेटा अ‍ॅट्रिब्यूट लावायचा आणि त्याच्या व्हॅल्यूनुसार व्हेरिएबल बदलायचे, पाचवी स्किन आली तरी वीस-पंचवीस ओळींची भर. डार्क मोडपण यातच बसतो.

थीमचं प्रकरण मोठं आहे, आणि ते नीट केलं तर सुंदर चालतं. मुळात सगळा खेळ फाइल कुठं शोधायची याचा आहे. ट्विग या पीएचपी टेम्प्लेट इंजिनच्या फाइलसिस्टिम लोडरला एकापेक्षा जास्त फोल्डर देता येतात, तो क्रमानं शोधतो आणि पहिली सापडली ती फाइल वापरतो. यी 2 या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये हेच पाथमॅप नावाच्या सेटिंगनं होतं, तिथंही एका फोल्डरसाठी पर्यायांची यादी देता येते. म्हणजे थीमच्या फोल्डरमध्ये फक्त जे वेगळं आहे तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं बेसमधून, म्हणजे मूळ टेम्प्लेटच्या फोल्डरमधून, येऊ द्यायचं. चाळीस टेम्प्लेट असतील आणि थीमला फक्त हेडर आणि प्रॉडक्टचं कार्ड वेगळं हवं असेल तर थीममध्ये दोनच फाइली, एकही जास्त नको!

एवढा आग्रह का, तर कॉपी केलेली फाइल त्या दिवसापासून एकटी पडते. समजा बेसच्या प्रॉडक्ट कार्डमध्ये ग्राहकाचं नाव थेट एको केलेलं होतं, नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि तिथं एचटीएमएलस्पेशलचार्स लावलं, म्हणजे नावात कोणी स्क्रिप्ट घातली तरी ती न चालता साधा मजकूर म्हणून दिसते, भोक बुजलं. पण तीन थीममध्ये त्याच कार्डच्या जुन्या कॉपी आहेत, तिथं ते भोक तसंच उघडं, आणि टेस्टिंग तर बेसवरच झालेलं. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगइन) याच कारणासाठी टेम्प्लेट फाइलींवर व्हर्जन लिहिलेलं असतं, थीममधली ओव्हरराइड केलेली फाइल मागं पडली की सिस्टिम स्टेटसमध्ये दाखवतं. आपल्या अ‍ॅपमध्येही मागं पडलेल्या कॉपी दाखवणारी अशी एक छोटी स्क्रिप्ट असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी बघता येतात. चाइल्ड थीममध्ये, म्हणजे दुसऱ्या (पेरेंट) थीमवर बेतलेल्या थीममध्ये, टेम्प्लेट ठेवली की ती पेरेंटच्या त्याच नावाच्या टेम्प्लेटची जागा घेते, फंक्शन्सची फाइल मात्र जागा घेत नाही, दोन्ही चालतात आणि चाइल्डची आधी चालते, इथं नवीन पोरं हमखास अडकतात. स्किनसारखी सोय म्हणजे स्टाइल व्हेरिएशन, 2022 मध्ये 6.0 बरोबर आली, स्टाइल्स फोल्डरमध्ये एक जेसन फाइल टाकली की ब्लॉक थीमला नवे रंग-फॉन्ट मिळतात, टेम्प्लेटला हातही लावावा लागत नाही.

स्किननं थीमचं काम काढायचा मोहपण होतो. सीएसएस ग्रिडनं डबे वरखाली दिसतील, पण टॅब दाबत जाणाऱ्याला आणि स्क्रीन रीडरवाल्याला एचटीएमएलमधला जुनाच क्रम मिळतो. क्रम बदलायचा असेल तर टेम्प्लेटच बदला.

थीमचं नाव यूआरएलमधून घेऊन सरळ फाइलच्या पाथला जोडू नका, कोणीही डॉट-डॉट-स्लॅश घालून भलत्याच फोल्डरपर्यंत पोचू शकतं. नावांची ठरलेली यादी ठेवा, यादीत नसेल तर बेस.

आणि निवड कुठं साठवायची तेही दोन्हींचं वेगळं. थीम सहसा क्लायंटची असते, म्हणून ती डेटाबेसमध्ये त्याच्या रेकॉर्डवर, डोमेन बघून ठरवायची. स्किन युजरची आवड असेल तर कुकी पुरते, फक्त पूर्ण पेज कॅश होत असेल तर ती कुकी सर्व्हरवर वाचून एचटीएमएलमध्ये छापू नका, नाहीतर एकाचा डार्क मोड कॅशमधून दुसऱ्याला जातो. हेडमध्येच दोन ओळींची जावास्क्रिप्ट टाकून अ‍ॅट्रिब्यूट लावा, बॉडी रंगायच्या आधी, म्हणजे डार्क मोडवाल्याला आधी क्षणभर पांढरं पान दिसायचा झटकाही बसत नाही.