चैत्राची मांडणी : बडोद्यातील मराठी घरांच्या वसंत-सजावटीची पार्श्वभूमी

फाल्गुन सरत आला की बडोद्याच्या अलकापुरीतील आणि रेसकोर्स मार्गावरील गृहसजावटीच्या दुकानांत ‘स्प्रिंग कलेक्शन’ मांडले जाते. फिकट पिस्ता आणि गुलाबी रंगांचे झिरझिरीत पडदे, लिननचे अभ्रे, वेताच्या खुर्च्या, मातीच्या कुंड्या असा हा माल देशातील इतर शहरांतही त्याच सुमारास येतो आणि त्याचे वेळापत्रक मुळात थंड प्रदेशांत ठरलेले आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत वसंत म्हणजे हिवाळाभर बंद ठेवलेल्या खिडक्या उघडण्याचा काळ. कोळशाच्या शेगड्यांनी आणि तेलाच्या दिव्यांनी काळवंडलेली घरे या दिवसांत झाडून-पुसून निघत, जाड पडदे उतरत, पातळ पडदे लागत, आणि साहजिकच तिथल्या सजावटीचा सारा भर उजेड आत घेण्यावर असे. पुढे कपड्यांच्या फॅशनचे हंगाम याच ऋतुचक्रावर बसवले गेले आणि घरगुती कापडाचा व्यापार त्यांच्या मागोमाग चालू लागला. पँटोन ही अमेरिकी कंपनी २००० सालापासून ‘वर्षाचा रंग’ जाहीर करत आली आहे. २०२४ साठी तिने पीच फळाची मऊ छटा निवडली, २०२५ साठी कॉफी-चॉकलेटकडे झुकणारी तपकिरी, आणि त्या त्या वर्षी पडद्यांपासून चहाच्या कपांपर्यंत हेच रंग दिसू लागले.

बडोद्याच्या वसंताची गरज मात्र याच्या नेमकी उलट आहे. चैत्र संपता संपता इथे पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे उजेड अडवणे आणि वारा खेळता ठेवणे हे इथल्या घराचे या ऋतूतील पहिले काम राहिले आहे. रंगसफेदीचा हंगामही इथे चैत्राचा नव्हे. पावसाळ्याने भिंतींत आणलेली ओल आश्विनाच्या उन्हात वाळल्याशिवाय चुन्याचा हात फिरवण्यात अर्थ नसल्याने ते काम दिवाळीआधी उरकले जाई, आणि चैत्राच्या वाट्याला मांडणी उरे : गालिचे आणि जाजमे झाडून गुंडाळायची, लोड-तक्क्यांना पांढरे अभ्रे चढवायचे, पाण्याचा माठ वाळूत बसवायचा, खिडक्या-दारांना वाळ्याचे ताटे, म्हणजे पडदे, बांधायचे. वाळा हे एका गवताचे सुवासिक मूळ. ताट्यावर पाणी शिंपडले की बाहेरचा कोरडा वारा त्यातून येताना त्या पाण्याची वाफ करतो, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्या वाऱ्यातूनच खर्च होते आणि खोली निवते. दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. बडोद्याचे चैत्र-वैशाख कोरडे असल्यामुळे तो इथे रुजला. शोभा आणि गारवा ही दोन वेगळी खाती नव्हती, हे इथल्या जुन्या सजावटीचे मर्म आहे आणि पुढचा सगळा इतिहास त्याच्याच अंगाने वाचला पाहिजे.

गायकवाडांच्या सत्तेबरोबर अठराव्या शतकात मराठी कुटुंबे या शहरात आली. लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांच्या आत, तसेच बाहेर रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या वस्त्यांत त्यांनी बांधलेल्या घरांत देशावरच्या वाड्याचा आराखडा आणि गुजराती सुताराची कारागिरी एकत्र आली. रावपुऱ्याच्या भागातील तांबेकर वाडा हा त्याचा आज पाहता येण्याजोगा नमुना आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी बांधणीचा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णचरित्राचे आणि महाभारताचे प्रसंग आहेत, शेजारी मराठे आणि इंग्रज यांच्या लढाईचीही चित्रे आहेत, आणि या चित्रांनी दालने अशी भरून टाकली आहेत की भिंतीला आणखी काही टांगण्याची जागाच राहू नये. अर्थात हे दिवाणाच्या ऐपतीचे काम. सामान्य कारकुनाच्या घरातील भिंत पांढरी असे आणि तिची शोभा वर्षातून एकदा, चैत्रातच, मांडली जाई.

ती शोभा म्हणजे चैत्रगौरीची आरास. चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातील अन्नपूर्णा घासून-पुसून पितळी झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झोके घेते. मधल्या महिन्यात सोयीच्या दिवशी हळदीकुंकू होते. त्या दिवशी घरातले पाट, डबे आणि रिकामी खोकी एकावर एक रचून पायऱ्या केल्या जातात, त्यांवर जुना शालू किंवा पैठणी अशी अंथरतात की पदर समोर यावा, आणि सर्वांत वरच्या पायरीवर गौर बसते. खालच्या पायऱ्यांवर कातरून कमळासारखे उमललेले कलिंगड, कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे, चिनी मातीच्या बाहुल्या, भातुकली आणि घरातल्या मुलींनी विणलेले रुमाल मांडले जातात. बडोद्याच्या घरांत यात काठेवाडी मोतीभरताचे, म्हणजे मणी गुंफून केलेले, तोरणही सामील झाले, आणि पुण्याहून आलेल्या पाहुणीला ते प्रथमदर्शनी थोडे परके वाटले तरी इथल्या आराशीत ते शोभूनच दिसते. समोर अंगणात चैत्रांगण रेखले जाते : झोपाळ्यातील गौर, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, गोपद्मे, सूर्य आणि चंद्र. सजावटकाराच्या नजरेने पाहिले तर या मांडणीत फार थोडे विकत आणलेले असते. नजर एका ठिकाणी खिळावी, उंची टप्प्याटप्प्याने चढावी आणि थंड रंगांच्या फळांशेजारी जरीची झळाळी यावी, ही जाण मात्र पुरेपूर असते. गृहसजावटीच्या अभ्यासक्रमात हिला जागा का नसावी, हे मला उमगलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच अभिरुची घडत होती. सयाजीराव महाराजांसाठी मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला लक्ष्मीविलास राजवाडा, मँट यांच्या १८८१ मधील मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेला आणि १८९० मध्ये तो पूर्ण झाला. व्हेनिसच्या कारागिरांनी बसवलेली दरबार हॉलची मोझॅइक फरशी आणि रंगीत काचांच्या खिडक्या पाहून आलेल्या सरदारांनी आणि अधिकाऱ्यांनी आपापल्या दिवाणखान्यांत झुंबरे, बिलोरी आरसे, संगमरवरी टेबले आणि दारांवर रंगीत तावदाने आणली. चैत्राच्या दुपारी मखमली कोचावर बसणे सुखाचे नसे; ते आदबीचे असे, एवढेच. राजवाड्याच्या अभिरुचीतील खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचलेली गोष्ट निराळी होती. सयाजीरावांनी १८८८ साली राजा रविवर्मा यांना राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे रंगवायला सांगितली. अशा चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पूर्वीच सुचवले होते, आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी आणि सरस्वती चौकटींत बसून मध्यमवर्गीय बैठकीत आल्या, आणि गौरीच्या पायऱ्यांमागची रिकामी भिंत त्यांनी भरून काढली.

बडोद्याच्या वसंतातील सर्वांत ठळक वस्तू, हिंचका म्हणजे लाकडी झोपाळा, मात्र राजवाड्यातून आली नाही. ती संखेड्याहून आली. ओरसंग नदीकाठचे हे गाव पूर्वी बडोदे जिल्ह्यात होते, २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तेथील खरादी कारागीर सागाचे तुकडे खरादावर फिरवून गोल गज आणि पाय घडवतात, त्यांना बहुधा तांबडा किंवा गर्द किरमिजी रंग देतात आणि कथील बारीक कुटून सरसात कालवलेल्या रंगाने कुंचल्याने वेलबुट्टी काढतात. ही नक्षी वाळल्यावर अकीक दगडाने घोटली की चांदीसारखी चमकते. त्यानंतर उष्णतेवर लाखेचा पारदर्शक लेप चढतो आणि त्या लेपाखाली चंदेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. संखेड्याच्या सोनेरी वेलीत सोन्याचा कणही नसतो, हे ग्राहकाला सांगितले तर त्याला बहुधा खरे वाटत नाही. या कलाकृतींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अलीकडच्या दशकांत काळा, हिरवा, हस्तिदंती असे रंगही कारागिरांनी स्वीकारले आहेत. संखेड्याचा हिंचका मराठी घरात सहज सामावला, कारण पितळी कड्यांचा झोपाळा वाड्याच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आधीपासूनच होता. दुपारी पंख्याविना स्वतःपुरता वारा करून घेण्याचे त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नव्हते.

कलाशिक्षणाचा धागा १८९० पासूनचा. त्या वर्षी त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले आणि चित्रकलेबरोबर रंगाई, विणकाम, सुतारकाम असे उद्योगही शिकवले जाऊ लागले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच्या ललित कला विभागात इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवू लागले. पुढे के. जी. सुब्रमण्यन यांनी माती, लाकूड, कापड या कारागिरीच्या माध्यमांना चित्राच्या बरोबरीने वागवले. या विभागाच्या सहवासामुळे बडोद्याच्या बैठकींत भाजलेल्या मातीची शिल्पे आणि हाताने छापलेली चादर दिसू लागली. टेराकोटा हा ‘ट्रेंड’ म्हणून येथे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. छोटा उदेपूरच्या राठवा समाजाचा पिठोराही आता कॅनव्हासवर आणि उशांवर मिळतो. मुळात तो नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर लिहिला जाणारा देव आहे, तेव्हा निदान उशीवर तरी तो नको.

वाडे पाडून झालेल्या सोसायट्यांत आणि सदनिकांत ही परंपरा तुकड्यातुकड्यांनी टिकली. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे चायना मोझॅइक बसवणे, म्हणजे ऊन परतवून खालची खोली निववणे, हा तोडगा गुजरातेतील बंगल्यांनी सार्वत्रिक केला. वाळ्याच्या ताट्यांची जागा आधी बांबूच्या चिकांनी, म्हणजे कामट्यांच्या पडद्यांनी, आणि मग वातानुकूलन यंत्रांनी घेतली. यंत्र आल्यावर खिडकीला झिरझिरीत लिनन लावायला हरकत उरली नाही आणि ‘स्प्रिंग कलेक्शन’चा मार्ग मोकळा झाला. त्यातील वेत, माती आणि सुती कापड या गोष्टी इथल्या हवेला मानवणाऱ्या आहेत, त्या जरूर घ्याव्यात. पश्चिमेच्या खिडकीला मात्र पातळ पडदा लावून विजेचे बिल वाढवण्यात शहाणपण नाही. तेथे बाहेरच्या बाजूने चिकच हवी, कारण काच ओलांडून आत शिरलेल्या उन्हाची बरीचशी उष्णता पडदा पुन्हा बाहेर घालवू शकत नाही.

हिंचक्याचे गणितही बदलले आहे. वाड्यात तो लाकडी तुळईला टांगला जाई. सदनिकेत त्याचे कडे स्लॅब ओतण्यापूर्वीच सळ्यांत अडकवावे लागते आणि ते बिल्डरला वेळेवर सांगितले नाही तर मागाहून छतात भोक पाडण्याची परवानगी सहसा मिळत नाही. म्हणून खाली उभ्या चौकटीवर झुलणारे हिंचके आता जास्त खपतात. त्यांना जागा अधिक लागते, आणि झोकाही आखूड मिळतो.