हाडाच्या खांबापासून भिंतीतल्या सरसापर्यंत

कवेलूच्या जुन्या घरात दिवाळीच्या तोंडावर नवा रंग मारला आणि पोळ्यापर्यंत पापुद्रे सुटले, की दोष रंगाच्या डब्याला लागतो. अनेकदा दोष खालच्या थराचा असतो. तो जुना डिस्टेंपर खडूची पूड आणि सरस यांचा असतो, आणि सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी शिजवून काढलेला चिकट अर्क.

लाकूड दुर्मीळ तिथे हाडानेच घर पेललं. युक्रेनमधल्या मेझिरिच गावी 1965 साली तळघर खोदताना मॅमथचा, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचा, जबडा लागला. पुढे जबडे आणि लांब हाडं रचून केलेल्या झोपड्या मिळाल्या. उत्तर ध्रुवाकडच्या थुले लोकांनी देवमाशाच्या फासळ्या आणि जबडे छताला वापरले. इंग्लंडात मेंढ्या-गुरांच्या पायाची हाडं उभी ठोकून फरशी केली जाई.

विदर्भात ती वेळ आली नाही. खांबाला, आड्याला सागवान आणि कुडाला बांबू होता. नागपूरजवळ माहूरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांनी वेढलेल्या प्राचीन कबरींत, घोड्यांची हाडं निघाली, पण ती दफनातली; बांधकाम दगडमातीचं. इथल्या घरात हाड शिरलं ते सरस होऊन, आधी सुताराच्या भांड्यात, मग रंगात.

हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन पाण्यात शिजलं की सरस सुटतो. वाळलेले खडे रात्रभर थंड पाण्यात फुगवायचे, मग गरम पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात साठ अंशांच्या आसपास वितळवायचे. सुतारकामाला एक भाग सरसाला दोन भाग पाणी. रंगाला बराच पातळ. थेट आचेवर उकळला तर चिकटपणा जातो. रंगात सरस कमी पडला तर भिंत कपड्याला लागते, जास्त झाला तर थर ताणून सोलतो. पावसाळी ओलीत तो मऊ होतो, बुरशी धरतो, वास मारतो.

नव्या रंगाचं पाणीही हेच करतं: खालचा सरस फुगतो आणि दोन्ही थर सोबत सुटतात. म्हणून आधी ओलं फडकं घासून पाहावं. चुना कोरड्या बोटालाही लागतो, पण थर चिखलासारखा मऊ होऊन निघाला तर डिस्टेंपर समजावा. विटांच्या भिंतीवरून तो कोमट पाण्याने धुता येतो. मातीच्या भिंतीला मात्र पाणी ओतू नये, लिंपणच वाहून जाईल. पत्र्याने खरवडून ओलसर फडक्याने पुसावं आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच चुना मारावा.