नवा नॉक सेन्सर बसवला, तरी तोच कोड परत का येतो?

१९९९ ते २००६ या काळातल्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये, म्हणजे ५.३ लिटर व्ही-८ इंजिनात, एक तक्रार वारंवार दिसते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर पी-०३३२ दाखवतो. सेन्सर बदलला जातो, आणि पुढच्या पावसाळी दिवसांत तोच कोड पुन्हा हजर होतो. या कोडचा अर्थ इतकाच की दोन नॉक सेन्सरपैकी मागच्याच्या सर्किटमधून येणारा सिग्नल फार कमी आहे. सेन्सर मेला आहे, असं तो म्हणतच नाही.

ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कडेचं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकलं, की आतला वायू जोरात कंप पावतो. हेच नॉकिंग. कंपनांची वारंवारता मुख्यतः बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासावर, ठरते. या इंजिनाचा बोअर ९६ मिमी आहे, त्यामुळे ती ६ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेल्या सेन्सरमधल्या पिझो स्फटिकावर हे हादरे पोचले की त्यातून एसी व्होल्टेज निघतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो.

नॉकिंग नसतानाही ईसीएम कान लावून असतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. चालत्या इंजिनाचा साधा आवाज आरपीएमबरोबर वाढायला हवा. तो वाढलेला दिसला नाही, की कोड लागतो आणि सावधगिरी म्हणून टायमिंग मागे ठेवलं जातं. गाडी वेग उशिरा पकडते, अ‍ॅव्हरेज घटतं. गॅरेजमध्ये आयडलिंगवर ठीक वाटलेली गाडी रस्त्यावर पुन्हा दिवा लावते, ती यामुळे.

या इंजिनात दोन्ही सेन्सर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या भागाखाली), खोल खड्ड्यांत बसलेले असतात. वर रबरी बूच असतं. समोरच्या काचेखालून ठिबकणारं पावसाचं पाणी आणि इंजिन धुताना मारलेला फवारा मागच्या खड्ड्यात साचतो. मग टर्मिनल गंजतं, सेन्सरची बॉडीही गंजते. सेन्सर एकाच वायरचा असल्यामुळे अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होतं, म्हणून आट्यांवरचा गंजही सिग्नल खातो. जुनी वायर तशीच ठेवून फक्त सेन्सर बदलला, तर निम्मा दोष जागेवरच राहतो.

मॅनिफोल्ड उघडण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, सेन्सरच्या छोट्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) मॅनिफोल्डबाहेर येणारा कपलर सोडा आणि सेन्सरकडच्या प्रत्येक वायरपासून इंजिन ब्लॉकपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. सुमारे १०० किलोओहम आला पाहिजे. मीटर अनंत दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा टर्मिनल गंजून सुटलं आहे. शून्याजवळ आला तर वायर कुठेतरी ब्लॉकला टेकली आहे. पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या आकड्यांत मोठा फरक हीच सर्वात बोलकी खूण. दोन्ही आकडे बरोबर असतील तर लगेच मॅनिफोल्डला हात लावू नका, दोष आधी कपलरपासून ईसीएमपर्यंतच्या वायरिंगमध्ये शोधा. काही जण सेन्सरच्या जागी १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडून देतात. मीटर त्याने फसेल, पण रेझिस्टरमधून आवाज निघत नाही, आणि खरं नॉकिंग झालं तर पिस्टन वाचवायला कोणीच उरत नाही. हा उपाय कधीही करू नये.

उघडावंच लागलं तर आधी इंधनाचा दाब सोडा आणि मॅनिफोल्डभोवतीची धूळ हवेने उडवा. फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) मॅनिफोल्डसोबतच उचलता येते. ८ मिमीच्या गोटीने (सॉकेटने) दहा बोल्ट सुटतात. मॅनिफोल्ड निघताच इनटेकच्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबा. खड्ड्यातलं पाणी आणि गंजाचा भुगा शोषून घ्या, मगच सेन्सर सैल करा. दोन्ही सेन्सर, हार्नेस आणि मॅनिफोल्डची गॅस्केट एकदमच बदला, कारण पुन्हा एवढं काम कोणालाही नको असतं. आट्यांना सीलंट किंवा टेप लावू नका. टॉर्क २० न्यूटन मीटर, पान्याने मोजूनच. सैल सेन्सरपर्यंत कंपनं पोचत नाहीत आणि जास्त आवळला तर त्याचा प्रतिसाद बदलतो. मागच्या खड्ड्याभोवती सिलिकॉन सीलंटचा छोटा बांध घालावा, कंपनीनेही नंतर हाच उपाय सुचवला. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेर, आधी ५ आणि मग १० न्यूटन मीटर.

भारतातल्या बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत सेन्सर ब्लॉकच्या बाजूला असतो आणि हात बराच सहज पोचतो. मधोमध बोल्ट जाणारा चपटा सेन्सर असेल तर तिथेही साधारण २० न्यूटन मीटरच, खाली वॉशर न घालता, ब्लॉकचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करून.

कोड मिटवल्यावर इंजिन पूर्ण तापू द्या आणि मध्यम लोडवर गाडी चालवत स्कॅनरवर नॉक रिटार्डचा, म्हणजे नॉकिंगमुळे टायमिंग किती अंश मागे घेतलं त्याचा, आकडा पाहा. तो शून्याजवळ राहिला तर काम झालं. कोड नाही, पण टायमिंग सतत काही अंश मागे जातंय, तर सेन्सर खरंच काहीतरी ऐकतो आहे: कमी ऑक्टेनचं पेट्रोल, पिस्टनवर साचलेला कार्बन, पीसीव्हीमधून (क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) ओढलं जाणारं ऑइल, किंवा एक्झॉस्टची सैल झालेली हीट शील्ड. तिथून शोध सुरू करावा.