शब्द ओळखला की वाचला?

चार वर्षांचं मूल कार्डावरचा ‘आई’ हा शब्द बघतं आणि क्षणात ‘आई’ म्हणतं. सात वर्षांचं मूलही तेच करतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं, आणि गफलत तिथेच होते. पहिल्यानं त्या कार्डाचं रूप लक्षात ठेवलंय. दुसऱ्यानं अक्षरं वाचलीत, फक्त इतक्या झपाट्यानं की वाचणं जाणवलं नाही. कार्डं दाखवत राहिलं की पहिल्यातून आपोआप दुसरं घडेल, असं बऱ्याच पालकांना वाटतं. तसं सहसा होत नाही. दोन्हींची मुळंच वेगळी आहेत.

रूपावरून ओळखणारं मूल शब्दातली एखादीच खूण पकडतं: ‘ई’च्या डोक्यावरचा तुरा, लाल शाई, कार्डाचा दुमडलेला कोपरा, नाहीतर ‘गठ्ठ्यातलं तिसरं कार्ड म्हणजे बाबा’ हा क्रम. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वाचायला न शिकलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रोजच्या ओळखीची लेबलं दाखवली होती. ‘पेप्सी’चं पहिलं अक्षर बदलून भलतंच घातलं, तरी बहुतेक मुलांनी ‘पेप्सी’च वाचलं. त्यांनी अक्षरांकडे बघितलंच नव्हतं. या प्रयोगातल्या एक संशोधक लिनिया एरी यांनी पुढे वाचन शिकण्याचे टप्पे मांडले. त्यांत ही अवस्था अक्षरओळखीच्या आधीची आहे.

अशा खुणांवर वीस-तीस शब्द निभतात. मग शब्द एकमेकांत मिसळायला लागतात, आणि देवनागरीत तर फारच लवकर. वर सलग शिरोरेषा, खाली साधारण एकाच उंचीची अक्षरं. ‘घन’ आणि ‘धन’, ‘वन’ आणि ‘बन’, ‘भात’ आणि ‘मात’, ‘खा’ आणि ‘रवा’ यांना केवळ ठेवणीवरून वेगळं करणं मुलाला अवघडच आहे. फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा असतो, आणि तो अक्षर ओळखणाऱ्यालाच दिसतो.

सरावलेल्या वाचकाची एका नजरेतली ओळख वेगळ्या वाटेनं येते. मूल ‘मांजर’ हा शब्द मां-ज-र असा जोडत वाचतं, आपण बोलतो तो शब्द त्याला सापडतो, आणि प्रत्येक अक्षर त्याच्या आवाजाशी मनात जखडलं जातं. काही मुलांना असं चार-पाच वेळा वाचलेलं पुरतं, काहींना त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यानंतर जोडण्याची गरज उरत नाही; शब्द दिसला की आवाज आणि अर्थ एकदम येतात. वाचनाचे अभ्यासक डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली मांडलं की असा प्रत्येक नवा शब्द स्वतः उलगडताना मूल स्वतःच स्वतःला वाचन शिकवत असतं. रूप पाठ करणाऱ्याला ही सोय नाही. त्याला प्रत्येक नवा शब्द कुणीतरी सांगावा लागतो.

आपलं मूल यांतलं काय करतंय, ते पाच मिनिटांत कळतं. शब्द साध्या कागदावर, वेगळ्या शाईनं, चित्राशिवाय लिहा. मग एकच अक्षर बदला: ‘काका’चं ‘काकू’, ‘मामा’चं ‘माळा’. शेवटी त्याच अक्षरांचा निरर्थक शब्द द्या, ‘कामू’सारखा. वाचणारं मूल अडखळेल, पण ‘कामू’ म्हणेल. ओळखणारं मूल आत्मविश्वासानं ‘काका’ म्हणेल, नाहीतर तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. बाराखडीलाही हीच कसोटी लावा. तालात ‘क का कि की’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना मधलंच ‘कु’ दाखवलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. ते पाठांतर आहे, आणि ते वाचन मानलं गेलं तर पुढे फार त्रास होतो.

सुरुवातीला सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. क, म, ल, र, न, घ ही अक्षरं आणि काना एवढ्यावर घर, लाल, काम, मान, काका, मामा, कान, नाक असे पुष्कळ शब्द होतात. घ शिकवलात तर ध काही आठवडे लांब ठेवा; भ-म, थ-य, ब-व या जोड्यांचंही तसंच. पहिलं अक्षर पक्कं झाल्यावर दुसरं आणा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक बोटानं गिरवून घ्या. शब्द मुलाच्या बोलण्यातलेच हवेत, कारण जोडलेला आवाज कानाला ओळखीचा असला तरच शब्द सापडतो. रोज दहा मिनिटं, तीन-चार नवे शब्द आणि आधीचे सात-आठ एवढं पुरे. चित्र द्यायचंच असेल तर कार्डाच्या मागे, आणि तेही वाचून झाल्यावर पडताळ्यासाठी.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जोडण्यात. मूल ‘घ’ म्हणून थांबतं, ‘र’ म्हणून थांबतं, आणि ‘घ’, ‘र’ यांतून ‘घर’ काही निघत नाही. दोष त्याचा नाही. सुटं म्हटलेलं प्रत्येक अक्षर पूर्ण ‘अ’ घेऊन येतं. बोलण्यात मात्र शेवटच्या अक्षरातला ‘अ’ बहुधा गळतो, आणि ‘चमचा’सारख्या शब्दात मधल्या ‘म’मधलाही. म्हणून मध्ये न थांबता ‘घऽर’ असं लांबवून म्हणायला लावा, मग तेच पटकन. तीन अक्षरी शब्दात आधी दोन जोडा, मग तिसरं: ग-व, गव, गवत. ‘चमचा’ हा चम-चा असा दोन तुकड्यांत म्हणा. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’मधला च वेगळे उच्चारले जातात, तिथे मुलानं जवळपासचा उच्चार करून योग्य शब्द शोधला तर ते चांगलंच वाचन आहे.

वेलांटीत दुसरी खोच आहे. ‘दिवा’मध्ये ऱ्हस्व वेलांटी द च्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. बोट ‘दि’ या अख्ख्या अक्षराखाली ठेवा, काठीखाली वेगळं ठेवू नका. ‘सूर्य’मधल्या रफाराचं उलट: तो य च्या डोक्यावर असतो, पण उच्चार य च्या आधी. ‘चक्र’ आणि ‘ट्रक’मध्ये र आणखी दोन रूपं घेतो. जोडाक्षरं म्हणून उशिराच घ्या, आणि र ची ही रूपं एकाच दिवशी घेऊ नका.

मूल चुकतं तेव्हा आपण काय म्हणतो, त्यावर बरंच ठरतं. समजा पानावर मांजराचं चित्र पुसट आहे आणि मूल ‘मांजर’ला ‘माकड’ म्हणालं. ‘चित्र बघ, काय असेल?’ हा इशारा त्याला अंदाज लावायला शिकवतो. त्याऐवजी हातानं चित्र झाका. ‘मां’ सोडून उरलेला शब्दही झाका, अनुस्वार दाखवा, ‘मां’ म्हणवून घ्या. मग हात सरकवून ‘ज’ उघडा, मग ‘र’. तो शब्द पुढच्या पाच मिनिटांत आणखी दोनदा समोर आणा.

रूपावरून ओळखणं टाकाऊ आहे असं मात्र नाही. स्वतःचं नाव, दारावरची पाटी, आवडत्या पुस्तकाचं मुखपृष्ठ यांतून छापलेल्या खुणांना अर्थ असतो हे मुलाला उमगतं, आणि शिकायची ओढ तिथून येते. पण इंग्रजीत बघताक्षणी ओळखायच्या शब्दांच्या याद्या, जसं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांची २२० शब्दांची यादी, मराठीत जशाच्या तशा उतरवण्याची गरज नाही. मराठीत जवळपास प्रत्येक शब्द अक्षरांवरून वाचता येतो. ‘सिंह’सारखे मोजके शब्द वेगळे सांगावे लागतात, तेही वाचून घ्या आणि उच्चाराचा फरक तेवढा दाखवा.

रोजचा सराव नीट होऊनही आठव्या वर्षी मूल दोन अक्षरं जोडू शकत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तोवर नवी शब्दकार्डं वाढवू नका, दोन अक्षरी शब्दांचं जोडवाचन मात्र चालू ठेवा.