शीतक्षती, मत्स्यालयातील वनस्पतींची
हिवाळ्यात पार्सलने येणाऱ्या उष्ण प्रदेशीय पाणवनस्पतींना, पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही होणारी इजा. हिमक्षती निराळी, तीत ऊतकात बर्फाचे स्फटिक तयार होतात. हा भेद वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी सु. १८९७ मध्ये स्पष्ट केला. बहुतेक हळव्या जातींना १०°–१२° से. खालील तापमान बाधते, पण किती वेळ बाधले यावर बरेच अवलंबून असते.

कारणाबद्दल एकमत नाही. लायन्स व रेसन या संशोधकांच्या मते (१९७०) थंडीत पेशीपटलांतील मेद घट्ट होतो, तंतुकणिकांचे (पेशीतील ऊर्जा पुरविणाऱ्या घटकांचे) श्वसन बिघडते आणि पटल गळके होते. सर्व मेद एकदम घट्ट होतो हे पुढे सर्वांना पटले नाही. मुराता व सहकाऱ्यांनी हरितलवकातील (पेशीतील हरितद्रव्य असलेल्या घटकातील) फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉल या पटल-मेदातील, थंडीत लवकर घट्ट होणाऱ्या संतृप्त मेदाम्लांकडे लक्ष वेधले. भोपळावर्गीय वनस्पतीचे जनुक घातलेली तंबाखू थंडीला अधिक हळवी झाल्याचे त्यांनी १९९२ मध्ये दाखविले. हा पुरावा अधिक भक्कम आहे. मात्र तो मुख्यतः उजेडातील इजेचा. बंद खोक्यातील अंधारात जे घडते त्यासाठी जुने मत अजून टाकून देता येत नाही.

सातारा जिल्ह्यात हा माल कोलकाता, चेन्नईकडून येतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरलेल्या झाडांभोवती मोकळे पाणी नसल्याने खोके झपाट्याने गार होते. डिसेंबर–जानेवारीत थंडीची लाट आली की साताऱ्याचा पारा १०° से. च्या आसपास येतो. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. शनिवारी पोहोचलेले पार्सल सोमवारपर्यंत गोदामाच्या फरशीवर राहिले, तर प्रवासाहून तेच अधिक भोवते.

खोके उघडताना पाने बहुधा हिरवीच दिसतात. इजा एक-दोन दिवसांनी, प्रखर दिव्याखाली उघड होते : पान काचेसारखे पारदर्शक होते, चिमटीत धरताच त्याचा लगदा होतो, शिरा तेवढ्या उरतात. दोष मग टाकीच्या पाण्याला दिला जातो. क्रिप्टोकोरिनची पाने पाणी बदलल्यावर थंडीविनाही झडतात, त्यामुळे निदान आणखी अवघड. ॲन्युबियासचा खोडकंद दाबून पाहावा. तो घट्ट असल्यास झाडाला नवी पाने फुटतात, मऊ पडून कुजका वास आल्यास नाही. व्हॅलिसनेरिया व हायड्रिला बऱ्याच काटक आहेत.

थर्मोकोलचे खोके उष्णता निर्माण करीत नाही, बाहेर जाण्याचा वेग तेवढा कमी करते. खोक्यात ठेवायच्या लोहचूर्णाच्या उष्णता-पुडीला हवा लागते. चिकटपट्टीने घट्ट बंद केलेल्या खोक्यात ती विझते आणि पानाला थेट टेकल्यास भाजते.

कास पठारावरील प्रदेशनिष्ठ पाणवनस्पती वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) पावसाळा सरताच जमिनीतील कंदाच्या रूपात सुप्तावस्थेत जातो. थंडीचा प्रश्न त्याच्या पानांना येतच नाही.