स्मूथ जॅझ : कलाकारांचा शोध

स्मूथ जॅझ हा अमेरिकेत १९७० च्या दशकात आकाराला आलेला, मुख्यतः वाद्यसंगीताचा प्रकार. जॅझची स्वररचना, रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकप्रिय संगीताचा संथ ठेका आणि चटकन कानात बसणारी धून यांच्या मेळातून तो घडला. गायकाची जागा इथे बहुधा सॅक्सोफोन, गिटार किंवा कीबोर्ड घेतो. नाशिकमध्ये हे संगीत कानावर पडते ते नाव न कळताच: गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या कॅफेत, हॉटेलच्या लॉबीत, वायनरीत. शब्दच नसल्यामुळे धून गुणगुणता येते, पण शोधायची कशी ते कळत नाही. त्यामुळे बहुतेकांची ओळख केनी जी या एका नावापाशी थांबते. १९८६ च्या ‘ड्युओटोन्स’ अल्बममधल्या ‘साँगबर्ड’ने त्याचा सोप्रानो सॅक्सोफोन जगभर पोचवला हे खरे, पण तो या प्रकाराचा एक कोपरा आहे.

नाशिकच्या श्रोत्याला सॅक्सोफोन परका नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाले तो वाजवत आले आहेत आणि हिंदी चित्रपटगीतांत मनोहारी सिंग यांनी सचिनदेव व राहुलदेव बर्मन यांच्यासाठी वाजवलेला सॅक्सोफोन रेडिओवरून घरोघरी पोचला आहे. त्याहून मोलाची शिदोरी मैफलीची आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी अखेरच्या काळात पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवला. त्या गावात शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस कार्यक्रमाला निघण्याआधी हमखास विचारतो, ‘साथीला कोण?’ स्मूथ जॅझमध्ये कलाकार शोधण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरचा १९८० चा ‘वाइनलाइट’ हा अल्बम. त्यातले बिल विदर्सने गायलेले ‘जस्ट द टू ऑफ अस’ अनेकांनी ऐकलेले असते. साथीला बास गिटारवर मार्कस मिलर, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, गिटारवर एरिक गेल, कीबोर्डवर रिचर्ड टी आणि तालवाद्यांवर राल्फ मॅकडोनाल्ड. यातला मार्कस मिलर धरून पुढे गेले की डेव्हिड सॅनबॉर्न भेटतो. त्याच्या आल्टो सॅक्सोफोनचा सूर धारदार, थोडा चिरका आहे आणि हे संगीत नुसते गुळगुळीत असते हा समज तो पहिल्या काही मिनिटांतच मोडतो. मिलरनेच पुढे जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्यासाठी १९८६ च्या ‘टूटू’ची बरीचशी रचना केली, म्हणजे इथून एक वाट थेट मुख्य जॅझकडे जाते.

दुसरा धागा ग्रोव्हरच्याच १९७५ च्या ‘मिस्टर मॅजिक’मधून निघतो. त्याचे संगीत संयोजन बॉब जेम्सचे, ड्रम्स हार्वी मेसनचे. बॉब जेम्स हे या सगळ्या प्रांतातले सर्वांत उपयोगी नाव मानावे. त्याने गिटारवादक अर्ल क्लूबरोबर १९७९ मध्ये ‘वन ऑन वन’ केला, सॅनबॉर्नबरोबर १९८६ मध्ये ‘डबल व्हिजन’ केला आणि पुढे हार्वी मेसन, ली रिटनार व नेथन ईस्ट यांच्यासह ‘फोरप्ले’ हा चमू उभा केला. फोरप्लेचा पहिला अल्बम १९९१ चा. रिटनारनंतर लॅरी कार्ल्टन आणि त्याच्यानंतर चक लोब गिटारवर आले. कार्ल्टनचा माग काढला की १९७० च्या दशकातला ‘क्रुसेडर्स’ हा चमू आणि त्यांचा पियानोवादक जो सॅम्पल हाती लागतात. दोन अल्बमांच्या श्रेयनामावलीतून महिनाभराचे ऐकणे निघते.

वाद्य धरूनही शोध घेता येतो. गिटारला सुरुवात वेस माँटगोमेरीच्या अखेरच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांपासून करावी, मग जॉर्ज बेन्सनचा १९७६ चा ‘ब्रीझिन’, मग नॉर्मन ब्राउन. नायलॉनच्या तारांचा मऊ आवाज आवडत असेल तर अर्ल क्लू आणि पीटर व्हाइट. फ्लूगलहॉर्न या ट्रम्पेटसारख्या, पण मऊ आवाजाच्या वाद्यासाठी चक मँजिओनी, ट्रम्पेटसाठी ख्रिस बोटी. नेदरलँड्सची सॅक्सोफोनवादक कँडी डल्फर आणि जपानची पियानोवादक केइको मात्सुई यांची नावे भारतीय श्रोत्यांत कमी घेतली जातात. दोघीही आवर्जून ऐकाव्यात.

हा शोध स्वतःच घ्यावा लागतो याला कारण आहे. हा प्रकार अमेरिकेत वाढला तो रेडिओवर. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसचे ‘द वेव्ह’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि तशी केंद्रे शहरोशहरी निघाली. श्रोत्यांना धुनींचे तुकडे ऐकवून, त्यांना न खटकणाऱ्या निवडायच्या अशी पद्धत तिथे रुळली. लांब उपज (वादकाने आयत्या वेळी रचलेली स्वरावली) आणि अवघड लय मागे पडली. एकसुरीपणाचा जो आरोप होतो, त्यातला बराचसा या निवडीचा आहे, वादकांचा नाही. न्यूयॉर्कचे केंद्र २००८ मध्ये आणि शिकागोचे २००९ मध्ये बंद पडले. नाशिकच्या एफएम वाहिन्यांचा भर चित्रपटसंगीतावर असल्याने इथल्या श्रोत्याला मोबाइलवरच्या अ‍ॅपचाच आधार. तिथे ‘कॅफे जॅझ’ किंवा ‘रिलॅक्सिंग सॅक्स’ असा शोध घेतला की ज्यांचे वादक कोण हेच कळत नाही अशा तासन्‌तास चालणाऱ्या याद्या समोर येतात. त्या टाळाव्यात. अ‍ॅपमध्ये गाण्याचे ‘क्रेडिट्स’ पाहावेत, आणि विकिपीडियावर अल्बमच्या पानावरची वादकांची यादी वाचावी. अनोळखी धून कानावर पडली तर धून ओळखणारे शाझम हे अ‍ॅप बऱ्याचदा नाव सांगते.

प्रत्यक्ष ऐकण्यासाठी मुंबई गाठावी लागते. तिथली जॅझची परंपरा जुनी: १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकी वाद्यवृंद वाजत होते आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पियानोवादक लुईस बँक्स हे त्या पिढीतले ठळक नाव. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतातही त्यांचा वाटा आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात. नाशिक रोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाणे सोयीचे. संध्याकाळचा कार्यक्रम ऐकायचा तर परतीची पंचवटी मिळत नाही, रात्रीच्या गाडीचे आरक्षण आधी करून ठेवावे.